टेम्पो घेण्याआधी



आता तुम्हांला अक्षरे ओळखता येतात. एस.टी.ची पाटी वाचता येते. बेरीज-वजाबाकीही जमू लागली आहे. तेव्हा आज आपण एका गाडीचा धडा वाचू. ही गाडी आपल्या गावात रोज दिसते. तिच्यावर कितीतरी घरांची चूल पेटते, आणि तिच्यापायी काही घरे कर्जातही बुडाली आहेत. ही गाडी म्हणजे टेम्पो.

१. नाव कोठून आले?

टेम्पो हे मुळात जर्मनीतल्या एका कारखान्याच्या गाडीचे नाव. पुण्याचे नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी सुरू केली, आणि तीन चाकांचा टेम्पो आपल्या रस्त्यांवर धावू लागला. पुढे मॅटॅडोर आली. २००५ साली या कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स असे केले. त्याच साली टाटांची लहान चारचाकी गाडी बाजारात आली. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हणायला सुरुवात केली. कंपनी कोणतीही असो, माल वाहणाऱ्या लहान गाडीला आपण अजून टेम्पोच म्हणतो.

टेम्पो शेतातला माल बाजारात नेतो. घर बदलताना सामान नेतो. मंडपवाल्याचे बांबू, दूधवाल्याच्या किटल्या, विटा, वाळू, गणपतीच्या मूर्ती, सारे नेतो. ज्याच्याकडे शेत नाही, दुकान नाही, त्यालाही टेम्पोवर स्वतःचा धंदा करता येतो. म्हणून जो तो म्हणतो, "एक टेम्पो घेऊन टाकू." घ्यावा. आम्ही नको म्हणत नाही. पण घेण्याआधी हा धडा वाचावा.

२. आमचा विद्यार्थी

जुन्नर तालुक्यात नारायणगावला टोमॅटोचा मोठा बाजार भरतो. त्या बाजुच्या एका खेड्यात आम्ही बरीच वर्षे मास्तरकी केली. आमच्या हाताखालून गेलेला एक मुलगा फार कष्टाळू होता. शाळा सातवीत सुटली. मग तो दुसऱ्याच्या टेम्पोवर हमाल झाला, पुढे ड्रायव्हर झाला. २०११ साली तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, स्वतःची गाडी घेतोय. कर्जाला एक जामीन पाहिजे. तुमची सही असली की काम होईल."

मुलगा चांगला, व्यसन नाही, आईला सांभाळणारा. आम्ही त्याच्याबरोबर गेलो. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. तिथला माणूस म्हणाला, "गुरुजी, इथे, इथे आणि इथे." आम्ही तिन्ही ठिकाणी सही केली. एक ओळही वाचली नाही. आयुष्यभर मुलांना "आधी वाच, मग लिही" असे सांगितले, आणि स्वतःच ते विसरलो.

गाडी आली. पुढे हार घातला, नारळ फोडला. पोराने पहिली खेप पुण्याच्या मार्केट यार्डात नेली. संध्याकाळी पेढे घेऊन घरी आला. म्हणाला, "गुरुजी, डिझेल जाऊन केवढी कमाई झाली!" त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून आम्हांलाही बरे वाटले.

दोन वर्षे बरी गेली. त्याने घराला पत्रे घातले. बहिणीचे लग्न थाटात केले. मोठा फोन घेतला. हप्ता मात्र कधी वेळेवर, कधी उशिरा जायचा. मग एका हंगामात टोमॅटोचा भाव पडला. शेतकऱ्यांना तोडणीचाही खर्च परवडेना. माल शेतातच राहिला, आणि टेम्पो दारात उभा राहिला. त्यातच मागचे दोन टायर गेले. टायरला पैसे नाहीत, म्हणून खेपा नाहीत. खेपा नाहीत, म्हणून हप्ता नाही. लागोपाठ हप्ते थकले आणि एके दिवशी गाडी उचलून नेली.

गाडी विकून आली ती रक्कम कर्जाला पुरली नाही. ६२,००० रुपये बाकी राहिले. त्याची नोटीस आमच्या घरी आली. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हा कायदा १८७२ सालापासून आहे. आम्ही सही केली त्या कागदातही तो छापलेला होता. आमच्या पेन्शनमधून आम्ही ते पैसे महिन्यामहिन्याने फेडले. घरात बोलणी खाल्ली. पैशाचे दुःख पुढे विसरले, पण तो मुलगा आमच्या घराकडे यायचा थांबला. रस्त्यात दिसला की मान खाली घालून दुसऱ्या बाजूने जायचा. ते मात्र मनाला लागले.

तो आळशी नव्हता. उधळ्याही नव्हता. मग त्याचे चुकले काय? त्याने संध्याकाळी खिशात आलेला पैसा आपली कमाई मानला. एवढेच चुकले.

३. खरी कमाई किती?

आता वही घ्या. आपण एक हिशेब करू. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुम्ही आपल्या गावचे भाव घालून तोच हिशेब करा.

समजा, एक खेप आहे. जाऊन-येऊन १५० किलोमीटर. भाडे मिळाले २,५०० रुपये. भरलेली गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते. म्हणजे १० लिटर डिझेल लागले. लिटरला ९० रुपये धरले तर ९०० रुपये झाले. २,५०० मधून ९०० गेले, उरले १,६००. आमचा विद्यार्थी इथेच थांबत असे. त्याला वाटे, आज १,६०० कमावले.

आपण इथे थांबायचे नाही. पुढे लिहा.

कर्जाचा हप्ता महिन्याला ११,३३३ रुपये आहे. महिन्यात काम मिळते २५ दिवस. म्हणजे रोजचे सुमारे ४५५ रुपये हप्त्याचे.

विमा, पासिंग, कर यांचा वर्षाचा खर्च ४०,००० रुपये धरू. वर्षात कामाचे दिवस ३००. म्हणजे रोजचे सुमारे १३५ रुपये.

टायर, ऑईल, ब्रेक, क्लचप्लेट, पाटे हे सारे झिजते. आज झिजते, पण बिल सहा महिन्यांनी येते. किलोमीटरला दोन रुपये धरा. १५० किलोमीटरचे ३०० रुपये झाले.

टोल, पार्किंग, हमाली, चहापाणी मिळून ११० रुपये.

आता बेरीज करा. ९००, ४५५, १३५, ३०० आणि ११०. एकूण १,९०० रुपये. भाडे २,५००. उरले ६०० रुपये.

ही खरी कमाई. आणि ही गाडीची नव्हे, तुमच्या अंगमेहनतीची मजुरी आहे. पहाटे तीनला उठून माल भरणाऱ्या माणसाची एक दिवसाची मजुरी. घरखर्च यातूनच करायचा. बाकीचे १,००० रुपये तुमच्या खिशात असले तरी तुमचे नाहीत. ते गाडीचे आहेत. बैलाची पेंड आपण खात नाही. तसेच हे.

आणखी एक गोष्ट. ज्या दिवशी गाडी दारात उभी असते, त्या दिवशी डिझेल लागत नाही. पण हप्ता आणि विमा चालूच असतो. ४५५ आणि १३५ मिळून ५९० रुपये. उभी गाडीही रोज एवढे खाते. म्हणून गाडी घेण्याआधी स्वतःला विचारा : महिन्यात २५ दिवस काम मिळेल का? हंगाम संपला की काय वाहायचे? परतीला माल मिळेल का, की रिकामे यायचे? दोन-तीन कायमची गिऱ्हाइके नक्की असतील, तरच गाडी घ्या. एकाच पिकावर, एकाच व्यापाऱ्यावर विसंबू नका.

गाडीचे पैसे निराळ्या डब्यात किंवा बँकेच्या निराळ्या खात्यात ठेवा. पुढे कर्ज फिटेल. तेव्हाही हप्ता भरणे थांबवू नका. तो आता स्वतःच्या खात्यात भरा. गाडी म्हातारी होईल तेव्हा दुसरीची सोय झालेली असेल.

४. व्याजाची गंमत

कर्ज घेताना माणसे एकच प्रश्न विचारतात : "हप्ता किती?" हा प्रश्न अपुरा आहे. व्याज कोणत्या पद्धतीचे, हे विचारा.

समजा, ४,००,००० रुपये कर्ज चार वर्षांसाठी घेतले. देणारा म्हणाला, "नऊ टक्के फ्लॅट." म्हणजे दर वर्षी पूर्ण चार लाखांवर ३६,००० रुपये व्याज. चार वर्षांचे १,४४,०००. एकूण ५,४४,००० रुपये फेडायचे. त्याचे ४८ भाग केले की हप्ता येतो ११,३३३ रुपये.

यात खोच कुठे आहे? तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत आहात. चौथ्या वर्षी तुमच्याकडे चार लाख उरलेलेच नाहीत. तरी व्याज मात्र चार लाखांवरच लागते. उरलेल्या मुद्दलावर मोजले, तर हे व्याज नऊ टक्के नसून सुमारे सोळा टक्के होते. म्हणून एक म्हणतो "नऊ टक्के फ्लॅट" आणि दुसरा म्हणतो "बारा टक्के घटत्या मुद्दलावर", तर बारावाला स्वस्त आहे! ऐकायला उलटे वाटते, पण हिशेब तोच सांगतो.

रिझर्व्ह बँकेने याबाबत एक चांगला नियम केला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे कर्ज देताना बँकेने आणि वित्त कंपनीने कर्जदाराला एक माहितीपत्रक द्यायचे आहे. त्यात सर्व खर्च धरून वर्षाला खरे व्याज किती पडते, कोणकोणती फी आहे, हे लिहिलेले असते. आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचे असते. तेव्हा हक्काने म्हणा, "साहेब, ते पत्रक मराठीत द्या. घरी नेऊन वाचतो, मग सही करतो." यात लाजण्यासारखे काही नाही.

५. ओझे किती घालावे?

गाडीच्या आरसीवर दोन वजने लिहिलेली असतात. रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीचे वजन. पहिले दुसऱ्यातून वजा करा. समजा, भरलेली १,५५० किलो आणि रिकामी ८०० किलो. वजाबाकी ७५० किलो. एवढाच माल घालायचा.

टोमॅटोच्या एका कॅरेटमध्ये २० किलो माल बसतो. मग ७५० ला २० ने भागून ३७ कॅरेट घालाल काय? नाही. रिकाम्या कॅरेटलाही वजन आहे. ते दोन किलो धरा. एक कॅरेट २२ किलोचे झाले. ३४ कॅरेटचे ७४८ किलो. बस, ३४ च.

व्यापारी म्हणतो, "अजून वीस टाक रे, काय होतंय?" काय होते ते ऐका. पाटे बसतात. टायर तापून फुटतो. ब्रेक दाबल्यावर गाडी नेहमीच्या जागी थांबत नाही, पुढे जाते. घाटात उतरताना ब्रेक तापून धरेनासा होतो. पकडले गेल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २०,००० रुपये दंड आहे, आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. वीस कॅरेटच्या जादा भाड्यात हे भरून निघते काय, तुम्हीच सांगा.

आणि मालाच्या गाडीत माणसे भरू नका. लग्नसराईत शेजारी येतात, म्हणतात, "वऱ्हाड सोडून ये." नाही म्हणायला जीव होत नाही. पण हौद्यात धरायला काही नसते. एका वळणावर माणसे रस्त्यावर फेकली जातात. मालगाडीत अशा फुकट बसवलेल्या माणसांची भरपाई देणे विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले आहे. मग भरपाई कोणावर येते? मालकावर. घर विकले तरी ती फिटत नाही, आणि गेलेला माणूस तर कशानेच परत येत नाही. शेजारी रागावला तर रागावू द्या. राग उतरतो.

६. गाडीचे कागद

लायसन्स : हलक्या मोटारीचे लायसन्स असलेल्या माणसाला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

परवाना : भरल्या गाडीचे वजन ३,००० किलोपर्यंत असेल, तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. पण पिवळी पाटी आणि पासिंग लागतेच.

पासिंग : म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तो दोन-दोन वर्षांचा मिळतो. त्यानंतर दरवर्षी घ्यावा लागतो.

विमा : थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो एक दिवसही तुटू देऊ नका. संपण्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

जुनी गाडी घेत असाल, तर तिच्यावर कर्जाचा बोजा आहे काय, ऑनलाइन दंड थकले आहेत काय, हे आधी पाहा. पैसे दिले आणि किल्ली घेतली म्हणजे गाडी आपली होत नाही. आर.टी.ओ.च्या दप्तरात नाव चढले पाहिजे. गाडी विकणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे. दप्तरात नाव तुमचे राहिले, तर अपघाताची जबाबदारीही तुमच्यावरच येते.

कर्ज फिटले की देणाऱ्याकडून ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्या, आणि आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. अनेकजण हे काम ठेवून देतात, आणि गाडी विकताना धावपळ करतात.

७. दुसरी गाडी

आमच्या विद्यार्थ्याची गोष्ट अर्धी राहिली. गाडी गेल्यावर तो पुन्हा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर झाला. काही वर्षांनी त्याचे लग्न झाले. मुलगी सालस आणि हुशार. पण शाळा तिसरीतच सुटलेली. ती आमच्या संध्याकाळच्या वर्गाला येऊ लागली. पहिल्या दिवशी म्हणाली, "गुरुजी, तुमचे पैसे आमच्या घरामुळे गेले, हे मला ठाऊक हाय. मला आकडे शिकवा."

तिने वही घातली. नवरा चालवत असे ती गाडी दुसऱ्याची, तरी ती रोज विचारी : आज किती किलोमीटर झाले? डिझेल किती? मालकाने टायरला काय दिले? वर्षभरात टेम्पोचा सगळा खर्च तिला पाठ झाला. आमचे पैसेही त्यांनी हळूहळू परत केले. शेवटचे पैसे द्यायला तो स्वतः आला. बऱ्याच वर्षांनी आमच्या ओट्यावर बसून चहा प्याला. फार बोलला नाही. आम्हीही फार विचारले नाही.

२०२५ साली त्यांनी जुनी, पण चांगल्या स्थितीतली गाडी घ्यायचे ठरवले. निम्मे पैसे साठवलेले होते. उरलेल्याचे कर्ज. पुन्हा जामीन हवा होता. विचारायला तो कचरत होता. आम्हीच म्हणालो, "चल, येतो."

पुन्हा तसेच टेबल. तसाच गठ्ठा. आम्ही खिशातून पेन काढले. तेवढ्यात ती म्हणाली, "गुरुजी, आधी वाचू या की."

तिने माहितीपत्रक पुढे ओढले आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागली. जोडाक्षराला अडखळत होती, पण सोडत नव्हती. एका आकड्यावर बोट थांबले. तिने विचारले, "साहेब, ही फी कशाची?" तिथल्या माणसाने सांगितले. ती म्हणाली, "हा विमा आम्ही मागितला नाही." त्याने ती रक्कम खोडून नवीन पत्रक आणले. या सगळ्याला अर्धा तास लागला. मग तिने सही केली, त्याने सही केली, आणि शेवटी आम्ही.

बाहेर आल्यावर आम्ही म्हणालो, "पोरी, आज तू आमची गुरुजी झालीस."

ती हसली. म्हणाली, "वही घरी राहिली, गुरुजी. आजचा खर्च लक्षात ठेवा, रात्री लिहायचाय."

नवे शब्द

जामीनदार – दुसऱ्याचे कर्ज फिटेल अशी हमी देणारा.
मुद्दल – व्याज सोडून मूळ घेतलेली रक्कम.
बोजा – वस्तूवर असलेला कर्जाचा हक्क.
हौदा – टेम्पोची माल ठेवण्याची जागा.
खेप – एकदा माल नेऊन पोहोचवणे.

प्रश्न

१. २,५०० रुपये भाड्यातून खरी कमाई फक्त ६०० रुपये कशी झाली?
२. उभी गाडी रोज काय खाते?
३. 'नऊ टक्के फ्लॅट' हे 'बारा टक्के घटत्या मुद्दलावर' यापेक्षा महाग का?
४. ३७ ऐवजी ३४ कॅरेट का घालायचे?
५. जामीन राहताना गुरुजींचे काय चुकले?

करून पाहा

तुमच्या गावातल्या एका टेम्पोवाल्याला भेटा. त्याच्या एका दिवसाच्या खेपेचे भाडे आणि सगळा खर्च विचारून वहीत मांडा. आलेले उत्तर त्यालाही वाचून दाखवा.